अण्णांचं तिकीट

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. नाव 'अण्णा_फायनल_४'. (फायनल म्हटलेल्या फाइलच्या चार आवृत्त्या असतात, हे आमच्या धंद्यातलं सनातन सत्य.) तिच्यात २३ ओळी आहेत. कॉलम असे : नाव, डिग्री, फी, किती मिनिटं, मराठी येतं का, घरापासून अंतर, लिफ्ट आहे का, वेटिंग किती. आमच्या वडिलांसाठी समुपदेशक शोधत होतो तेव्हाची ती शीट. परवा जुन्या फायली उडवताना समोर आली. उडवायला हात होईना, म्हणून म्हटलं या शनिवारी हेच लिहून टाकू.

तर आमचे अण्णा. एसटीत कंडक्टर. सातारा डेपो. ३३ वर्षं तिकिटं फाडून २०११ मध्ये रिटायर झाले. एसटीवाल्यांना पेन्शन म्हणजे ती ईपीएस-९५ वाली, सरकारी नोकरांसारखी नव्हे. अण्णांना महिन्याला अडीच हजारांच्या आतच मिळते. बाकी एफडीचं व्याज. माणूस त्यात मजेत होता, कारण त्यांच्या गरजा कमी आणि हिशेब पक्का. रोज सकाळी चहा झाला की कालचा खर्च वहीत लिहायचा. ड्यूटी संपली की डेपोत कॅश भरायची आणि कमी आली तर स्वतःच्या खिशातून, ही सवय रिटायर झाल्यावरही जात नाही. 'एक रुपया शॉर्ट नाही आला कधी माझा', हे वाक्य आम्ही भावंडांनी लहानपणी शुभंकरोतीपेक्षा जास्त वेळा ऐकलंय.

२०२४ च्या जुलैमध्ये आई गेली. दिवाळीला मी अण्णांना पुण्याला घेऊन आलो ते परत पाठवलंच नाही. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट, गच्चीवर नेणारी नात, सगळं छान. निदान मला तरी छान वाटत होतं.

अण्णा पहाटे साडेतीनला उठून बाल्कनीत बसायला लागले. आम्ही म्हटलं, पाचच्या गाडीची सवय, जायची कशी? जेवण कमी झालं, तर म्हटलं वय झालं. पेपर न उघडता टेबलावर राहायला लागला, तर म्हटलं चष्म्याचा नंबर बदलला असेल. आपल्या माणसाच्या बाबतीत आपण किती हुशारीने कारणं शोधतो बघा. ऑफिसात सर्व्हर असा हळूहळू मंदावला असता तर मी दुसऱ्या दिवशी लॉग उघडून बसलो असतो.

लॉग इथेही होता. बायकोने बघितला, मी नाही. एक दिवस ती मला म्हणाली, "अरे, अण्णांची वही बघितलीस का? ११ डिसेंबरनंतर कोरी आहे." तारीख होती ३ जानेवारी.

तिथून शोध सुरू झाला. आधी अर्थातच फुकटचे सल्ले. सोसायटीतले एक काका म्हणाले हास्यक्लबला पाठवा. मी पाठवलंही. अण्णा एक दिवस गेले, परत येऊन म्हणाले, "विनोद कोणी सांगितलाच नाही, आणि सगळे हसतायत." एका मित्राने विपश्यना सुचवली. १० दिवस मौन! जो माणूस तीन आठवडे धड बोलला नाहीये, त्याला मौनाला पाठवायचं. दुसऱ्या एकाने ॲप दिलं. मी स्वतः आधी वापरून बघितलं (टेस्टिंग!). त्यात एक गोड चित्र येऊन विचारतं की आज तुम्ही कोणत्या तीन गोष्टींबद्दल कृतज्ञ आहात. अण्णांना ते दाखवायची माझी छाती झाली नाही.

मग आमच्या कंपनीचं कर्मचारी सहाय्य. आयटीतल्या मंडळींना माहीत असेल, बऱ्याच कंपन्या बाहेरच्या एखाद्या संस्थेशी करार करतात आणि कर्मचाऱ्याला, कुठे कुठे घरच्यांनाही, ठरावीक सेशन मोफत मिळतात. आम्हाला वर्षाला सहा होती, आईवडील धरून. मला वाटलं, जिंकलो. व्हिडिओवर एक मुलगी आली. चांगली होती हो, अगदी मनापासून विचारत होती, पण हिंदीत. मराठीवाला कोणी मिळेल का विचारलं तर पुढच्या महिन्यात बघू म्हणाले. अण्णांना हिंदी येतं. 'आगे चलो, पीछे जगह है' एवढं तर कुठल्याही कंडक्टरला येतंच. पण "बीबी के जाने के बाद आपको कैसा लगता है" याचं उत्तर हिंदीत द्यायचं म्हणजे काय? अण्णा म्हणाले, "ठीक है." वीस मिनिटांत सहा वेळा 'ठीक है'. मग स्वतःच लॅपटॉप मिटला. तेव्हा शीटमध्ये 'मराठी येतं का' हा कॉलम आला.

फेब्रुवारीत एका रात्री जेवताना अण्णा अगदी सहज म्हणाले, "आता काय, आपला डेपो आला."

मी हसलो. खरं सांगतो, मी हसलो. एसटीतल्या उपमा आमच्या घरात रोजच्याच. बायको हसली नाही. रात्री एक वाजता तिने मला हलवून उठवलं आणि म्हणाली, मला त्या बोलण्याची भीती वाटतेय.

एवढ्या रात्री कोणाला विचारणार? तिनेच कुठेतरी टेलिमानसचा नंबर वाचलेला होता, १४४१६. केंद्र सरकारची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, चोवीस तास, फुकट. मी बाथरूममध्ये जाऊन फोन लावला, बाहेर आवाज जायला नको म्हणून. भाषा निवडायला सांगतात, त्यात मराठी आहे. पलीकडून एक बाई. आवाजावरून तिशीतल्या असाव्यात. मी सुरुवातच अशी केली, "सॉरी हं, मला स्वतःला काही झालेलं नाही, मी वडिलांसाठी..." त्या म्हणाल्या, सांगा की. मग झोप किती, जेवण किती, वजन उतरलंय का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, घरात कोण कोण, सगळं शांतपणे विचारलं. मी 'डेपो आला' सांगितलं.

त्या म्हणाल्या, "याचा अर्थ तुम्ही त्यांना विचारलात का?"

नाही.

"विचारा. सरळ विचारा, आडून नको. जीव द्यायचा विचार मनात येतो का, असं स्पष्ट. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर बोलायला वाट मिळते." आणि पुढे सांगितलं : घरातल्या सगळ्या गोळ्यांचा डबा तुमच्या ताब्यात ठेवा, त्यांना एकटं राहू देऊ नका, एक-दोन दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि काही वाटलं तर केव्हाही परत फोन करा, त्यांनाही करू द्या.

गोळ्यांचा डबा मी लगेच आमच्या कपाटात ठेवला. झोपलो नाही. साडेतीनला बाल्कनीचं दार वाजलं तसा चहा टाकला आणि दोन कप घेऊन बाहेर गेलो. फेब्रुवारीतली थंडी. अण्णांच्या अंगावर खाकी स्वेटर, एसटीच्या जमान्यातला.

"अण्णा, एक विचारू?"

"विचार की."

"तुमच्या मनात जीव द्यायचं येतं का?"

वाक्य तोंडातून निघालं आणि मला वाटलं, मेलो. बापाला कोणी असं विचारतं का? अण्णा कप फिरवत राहिले. खाली दूधवाल्याची गाडी आली, गेली.

"येतं," अण्णा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "करायचं म्हणून न्हाई. पण जाग आली की वाटतं, कशाला आली."

मी काहीच बोललो नाही. काय बोलायचं ते त्या बाईंनी सांगितलं नव्हतं आणि मला सुचलंही नाही. मग अण्णाच म्हणाले, "तुला कोणी सांगितलं असं विचारायला?"

"एक नंबर आहे. सरकारी."

"सरकारी?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "मग बरोबर असंल."

सरकारी असल्याचा फायदा पुढेही झाला. खासगी दवाखान्याला तयार न होणारे अण्णा सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीला मुकाट्याने आले. फक्त रिक्षात बसताना एकदा विचारलं, "येरवड्याला न्हाई ना नेत?" आपल्या भाषेची ही एक गंमतच आहे. येरवडा, ठाणे ही गावं राहिलीच नाहीत, शिव्या झाल्या. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांच्या ओपीडीत झोप उडालेली, धास्तावलेली, तुमच्याआमच्यासारखीच माणसं जातात, औषध घेऊन संध्याकाळी घरी येतात. पण विनोदात ते कुठे बसतं! मी म्हटलं, नाही अण्णा, जवळच जायचंय.

डॉक्टर तरुण होते. बाहेर शंभर माणसं, तरी आम्हाला १२ मिनिटं दिली. (मी घड्याळ लावलं होतं. सवय.) त्यांनी आधी रक्त तपासायला सांगितलं : थायरॉइड, बी-१२, सोडियम. म्हाताऱ्या माणसांत यातलं काही बिघडलं तरी माणूस असा मिटू शकतो म्हणे. बी-१२ खरंच कमी निघालं. पण तेवढंच नव्हतं, नैराश्यही होतं. गोळी लिहून दिली आणि बजावलं की परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतील, आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करायची नाही आणि बरं वाटलं म्हणूनही मनाने बंद करायची नाही. या सगळ्याचं बिल शून्य. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळं मोफत आहे. अण्णांनी त्याला हरकत घेतली नाही. त्यांचं तत्त्व असं की सरकारचं ते आपलं, तिथे पासावर बसायला लाज नाही.

निघताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोळी तिचं काम करेल. पण यांना बोलायला कोणीतरी पाहिजे. दर आठवड्याला, तास-पाऊण तास. आमच्याकडे ते होणार नाही, तुम्ही गर्दी बघताय."

बघत होतो. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात असं निघालं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचतच नाहीत. त्या रांगेत उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की ही रांग म्हणजे पोहोचलेली माणसं आहेत.

आता खरी शीट सुरू झाली. मला तर आधी कोण कोण असतं हेच माहीत नव्हतं. थोडक्यात सांगतो, कारण पैसे वाया जातात ते इथेच. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, एमबीबीएसच्या पुढे शिकलेला, औषध तोच देणार. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये, चांगला माणूस रागावत नाही. आणि समुपदेशक या पाटीखाली मात्र काहीही असू शकतं. मानसशास्त्रात एमए करून, अनुभवी माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेले लोक आहेत, आणि दोन वीकएंडचा कोर्स करून पाटी लावलेलेही. माझ्या २३ ओळींपैकी सात जणांची डिग्री मला शेवटपर्यंत कळली नाही. एकाने तर फोनवर आधी पत्रिका मागितली.

फी ८०० पासून ३,००० पर्यंत. बहुतेक ठिकाणी दीड हजार, ५० मिनिटांचे. आठवड्याला एक धरा, महिन्याचे सहा हजार. शिवाय प्रत्येक वेळी माझी अर्धी रजा आणि रिक्षा. मी धरला नव्हता तो खर्च म्हणजे चुकीच्या माणसाचा. पहिल्या दोन-तीन भेटींत जमलं नाही की परत पहिल्यापासून सगळं सांगायचं, नवीन माणसाला, नवीन फी देऊन.

विमा आहेच की, असं मलाही वाटलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २१(४) आहे : शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला द्यायचा. मी पॉलिसी पूर्ण वाचली. (बारीक अक्षरासकट. कोणीतरी वाचायला हवीच ना कधीतरी.) कायद्याचं पालन चोख होतं. ज्याप्रमाणे ताप आल्यावर ओपीडीचे पैसे मिळत नाहीत, त्याचप्रमाणे समुपदेशनाचेही मिळत नाहीत. ॲडमिट झालात तर मिळतील. म्हणजे माणूस पडला की दोर मिळेल, कठडा तुमचा तुम्ही बांधा.

तरी मला सहा हजार जड नव्हते. जड होते ते अण्णांना. "दीड हजार? ५० मिनिटांचे? बोलायचं मी आणि पैसे पण मीच?" मी म्हटलं मी देतो. "तू का? दुखणं माझं हाय." आणि मग आमच्या घरातलं अंतिम वाक्य : माझ्या पेन्शनीत बसत असंल तर येतो.

इथे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण ते वगळलं तर लिहिण्यात अर्थ नाही.

शीटमधल्या चौथ्या ओळीतल्या बाई उत्तम होत्या. मराठी, नोंदणी, लिफ्ट, सगळं हिरवं. फी दीड हजार. मी काउंटरवरच्या मुलीशी आधी बोलून ठेवलं : अण्णांना शंभर सांग, त्यांच्याकडून शंभर घे, उरलेले चौदाशे मी मोबाइलवरून पाठवतो. बायको म्हणाली, हे करू नकोस. मी म्हटलं, त्यांच्या भल्यासाठीच आहे. पहिली भेट झाली. अण्णा बाहेर आले तेव्हा चेहरा जरा सैल होता. खिशातून शंभराची नोट काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "पावती?"

अहो, ३३ वर्षं ज्याने तिकीट दिल्याशिवाय एक रुपया घेतला नाही, तो माणूस पावती मागणार नाही असं मला वाटलंच कसं! मुलगी गोंधळली. तिने कॉम्प्युटरवरचं बटण दाबलं आणि पावती आली. रुपये एक हजार पाचशे फक्त.

अण्णांनी चष्मा लावून ती वाचली, घडी करून खिशात ठेवली. रस्ताभर बोलले नाहीत. दोन दिवस बोलले नाहीत. गोळी घेत होते, जेवत होते, माझ्याकडे बघत नव्हते. तिसऱ्या दिवशी रात्री माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"माझ्या गाडीत कोणी विदाऊट बसला तर मी उतरवायचो," ते म्हणाले. "तू मला विदाऊट बसवलंस."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच. त्या बाईंकडे ते परत गेले नाहीत. ती चौथी ओळ मी लाल केली. दोष त्यांचा काहीच नव्हता.

मग मी शोधायची दिशा बदलली. आधी 'चांगलं आणि कमीत कमी' शोधत होतो, आता 'अण्णांना स्वतःला देता येईल असं' शोधायला लागलो. उत्पन्न बघून फी ठरवणारी ठिकाणं असतात. काही ट्रस्ट चालवतात. काही कॉलेजांच्या मानसशास्त्र विभागात, शिकणारी मुलं शिक्षकांच्या देखरेखीखाली अगदी कमी पैशांत सेशन घेतात. काही खासगी समुपदेशकही आठवड्यातल्या एक-दोन वेळा कमी फीच्या राखून ठेवतात, पण पाटीवर लिहीत नाहीत, विचारावं लागतं. मी हे आधी विचारलंच नव्हतं, कारण पगार बघता मला विचारायची लाज वाटत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये आयकॉल सुरू केली, ती फोनवरून आणि ईमेलवरून समुपदेशनासाठी. अण्णांना मात्र समोर बसलेला माणूस पाहिजे होता.

शेवटी एका ट्रस्टचं केंद्र सापडलं. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. (कॉलम काढून टाकला.) नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथे आधीच तीन आठवड्यांचं वेटिंग आहे आणि त्यांची खोली एक. त्या तीन आठवड्यांत अण्णांनी दोनदा १४४१६ ला स्वतः फोन केला. एकदा मी ऐकलं. बाल्कनीतून आवाज येत होता, "न्हाई मॅडम, आज जेवलो. भाकरी आणि पिठलं."

केंद्रातल्या ऑफिसात फॉर्म होता. मासिक उत्पन्न. अण्णांनी पेन्शन पैशांसकट लिहिली, खाली एफडीचं व्याज वेगळं. तिथल्या ताई म्हणाल्या, "काका, ५० ते ५०० मध्ये जे जमेल ते द्या."

अण्णा खुर्चीत सरसावून बसले. "असं न्हाई चालत ताई. दर सांगा."

"तसा दर नसतो काका, ज्याला जमेल..."

"मग सगळे पन्नासच देतील. टप्प्याप्रमाणं लावा. एवढ्या उत्पन्नाला एवढं."

त्या ताई खरंच विचारात पडल्या. शेवटी दोघांनी मिळून शंभर ठरवले. पावती मिळाली. छापील पुस्तकातली, कार्बन ठेवलेली. अण्णांनी नंबर तपासला.

पहिल्या भेटीनंतर जिना उतरताना मी काहीच विचारायचं नाही असं ठरवलं होतं. खालच्या मजल्यावर आल्यावर अण्णाच म्हणाले, "बाई कायच बोलत न्हाईत. मलाच बोलाय लावतात." थोडं थांबून, "किती टप्पे हाय विचारलं. म्हणाल्या आठ-दहा, मग बघू."

आत काय बोलणं व्हायचं ते मला माहीत नाही आणि ते बरोबरच आहे. बाहेर दिसायचं ते एवढंच : चौथ्या आठवड्यात पेपर उघडलेला दिसला. पाचव्यात नातीला शाळेच्या बसमधल्या मावशी तिकीट का देत नाहीत यावर व्याख्यान. मधे एक आठवडा पूर्ण वाईट गेला, परत साडेतीन, परत बाल्कनी. मी घाबरलो. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी गोळीचं प्रमाण थोडं वाढवलं आणि म्हणाले, असे दिवस येतात मधे, रेषा सरळ वर जात नाही.

सहाव्या भेटीनंतर आम्ही बसस्टॉपवर उभे होतो. दोन बसा सोडल्या, गर्दी होती. अण्णा रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या आईला पुण्याला हलवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं मला."

मला हे माहीत नव्हतं. मी त्या रात्री गाडीत होतो, साताऱ्याकडे येत.

"म्हणाले, पुण्यात न्यायचं तर रोजचे चाळीस-पन्नास हजार धरा, आणि उपयोग हुईल असं सांगता येत न्हाई. मी हिशेब केला. उभ्या उभ्या. एफडी किती, तुझ्याकडं किती असंल, किती दिवस पुरंल." ते थांबले. "एक मिनिट केला असंल हिशेब. तोवर नर्स आली बोलवायला."

बस आली. आम्ही चढलो नाही.

"ती तशी पण जाणार होती, असं डॉक्टर म्हणाले. मला म्हाईत हाय. पण ते एक मिनिट..."

दीड हजार त्यांना का जड होते ते मला तेव्हा कळलं. सहा महिने मी त्याला काटकसर समजत होतो. मी त्यांचा हात धरला. आमच्या घरात असे हात धरायची पद्धत नाही. त्यांनी थोडा वेळ धरू दिला, मग सोडवून घेतला, कारण खिशातून सुट्टे काढायचे होते.

हे मला सांगायच्या आधी त्यांनी आत सांगितलं होतं का, ते मी विचारलं नाही. बहुतेक सांगितलं असावं. शंभर रुपये देऊन, पावती घेऊन, कुणाचं मिंधं न होता सांगितलं असावं.

आता भेट महिन्यातून एकदा असते. गोळी चालू आहे, डॉक्टर म्हणतील तोवर राहील. वर्षश्राद्धाला अण्णा साताऱ्याला आठ दिवस राहून आले, एकटे. मी रोज फोन करत होतो, तर चौथ्या दिवशी म्हणाले, सारखा चेकिंगला येऊ नको. वही परत सुरू आहे. मी ती वाचत नाही, पण टेबलावर उघडी असते तर दिसतंच : दूध, भाजी, नातीला पेन, समुपदेशन १००. एकदा त्याच्यापुढे कंसात 'सात मिनिटे उशिरा सुरू' असंही लिहिलेलं होतं.

आणि हो, मागच्या महिन्यात मी अण्णांना घ्यायला वर गेलो तर ते ऑफिसातल्या ताईंकडून एक कोरा फॉर्म घेऊन उभे होते. माझ्या हातात दिला.

"रात्री दोन-दोन वाजेस्तोवर जागा असतोस. मी बघतो," म्हणाले. "भर तू पण. तुझा पगार बघून फुल तिकीट लावतील, पण लावू दे."

भरलाय. तीन आठवड्यांचं वेटिंग आहे.